प्रशिक्षण कामात उतरलं का?

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी, चहाच्या आधी, एक कागद सगळ्यांच्या हातात येतो. प्रशिक्षकांचं शिकवणं कसं वाटलं, विषय उपयोगाचा वाटला का, जेवणाची सोय कशी होती, असे प्रश्न त्यावर असतात. लोकांना बस पकडायची असते. बहुतेक जण ‘उत्तम’समोर खूण करून कागद परत देतात. त्या खुणांची सरासरी अहवालात जाते आणि पुढच्या वर्षीच्या खर्चाला तीच आधार ठरते. कारखाना असो, सहकारी बँक असो, रुग्णालय असो की पंचायत समिती, यात फारसा फरक पडत नाही. त्या कागदावरून कळतं ते इतकंच, की लोकांना तो दिवस आवडला. ज्यासाठी पैसे आणि माणसांचे तास खर्च केले, ते काम आता वेगळ्या रीतीनं होतंय का, याचं उत्तर त्यात नसतं. ते मिळवता येतं आणि त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. पण तयारी प्रशिक्षणाच्या आधी करावी लागते आणि तपासणी नंतर, कामाच्या जागी जाऊन करावी लागते.

शिकणं कसं तपासावं हे पाहायला मिळेल अशी एक जागा अनेक मराठी कुटुंबांच्या सहलीच्या वाटेवरच आहे. मैसूरहून मडिकेरीला जाताना कुशालनगरच्या अलीकडे बैलकुप्पे लागतं. कूर्गला निघालेल्या गाड्या नामद्रोलिंग मठाच्या सुवर्णमंदिराशी थांबतात, उंच सोनेरी मूर्तींसमोर फोटो निघतात आणि गाड्या पुढे जातात. तिथून काही किलोमीटरवर सेरा मठ आहे. हा मठ 1419 मध्ये ल्हासाजवळ स्थापन झाला आणि तिबेटमधून बाहेर पडावं लागल्यावर त्याची विद्यापीठं इथे पुन्हा उभी राहिली. त्याच्या पटांगणात रोज वादसभा भरते. उत्तर देणारा भिक्षू जमिनीवर बसलेला, प्रश्न विचारणारा त्याच्यासमोर उभा. प्रश्न संपवताना तो पाय आपटतो आणि एक तळवा दुसऱ्यावर जोरात मारतो. बसलेल्याला भाषण करायची मुभा नसते. त्याची उत्तरं ठरलेली आहेत: मान्य आहे, का बरं, हेतू सिद्ध होत नाही, व्याप्ती होत नाही. लहान भिक्षू रंगांसारख्या साध्या विषयांवर याचा सराव सुरू करतात आणि पुढे प्रमाणशास्त्र, माध्यमिक दर्शन, विनय, अभिधर्म अशा अवघड ग्रंथांकडे जातात. गेशे पदवीपर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात.

या भिक्षूंचं पुढचं काम म्हणजे शिकवणं आणि शंकांना उत्तरं देणं. म्हणून त्यांची परीक्षा त्या कामाच्याच रूपात होते. पाठांतर तिथे भरपूर आहे, पण पाठ म्हणून दाखवलं म्हणजे विषय आला असं कुणी मानत नाही. समोरचा माणूस सोबतच शिकणारा असतो, पुढचा प्रश्न काय येईल ते ठरलेलं नसतं आणि कच्चेपणा तिथल्या तिथे उघडा पडतो. मठाकडे वीस वर्षं आहेत, तुमच्याकडे दोन दिवस, हे खरं. तरीही काय तपासायचं आणि कोणी तपासायचं, हा धडा दोन दिवसांच्या वर्गालाही लागू पडतो.

तो कसा, ते एका उदाहरणातून पाहा. समजा, तुमच्या सहकारी बँकेनं शाखांतल्या कर्मचाऱ्यांना सायबर फसवणुकीवर एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. शेवटी ‘ओटीपी कुणाला सांगावा?’ अशी प्रश्नपत्रिका दिली तर सगळे पास होतील. प्रशिक्षणाला न आलेलेही होतील. त्याऐवजी महिन्याभरानं शाखेतल्याच एका सहकाऱ्याला ग्राहक व्हायला सांगा. तो काउंटरवर येईल आणि घाईघाईत म्हणेल, “माझी एफडी मोडा, आत्ताच्या आत्ता या खात्यावर आरटीजीएस करा. कारण विचारू नका, पोलिसांचा व्हिडिओ कॉल चालू आहे.” आता कर्मचारी काय करतो ते पाहायचं. ग्राहकाला बाजूला बसवून पाणी देतो का? फोन बंद करायला सांगतो का? शाखाधिकाऱ्याला बोलावतो का? 1930 हा मदतीचा क्रमांक त्याच्या तोंडी येतो का? हे पाहायला दहा मिनिटं लागतात आणि पन्नास गुणांच्या प्रश्नपत्रिकेपेक्षा जास्त कळतं. अशी तपासणी होणार हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. कोणाला पकडण्यासाठी ती नाही, आणि तिचा निकाल वार्षिक पगारवाढीला जोडू नका. जोडलात तर पुढच्या वेळी लोक तुमच्यासमोर नाटक करतील.

‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र टाळाच. आपल्याकडे साहेबानं विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा माणूस विरळा. “करून दाखवा” म्हणा, आणि करता करता मध्येच एक अडचण घाला.

प्रशिक्षण मोजण्याचा विचार जगभर ज्या चौकटीत होतो ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून लेखांतून मांडली. तिच्या चार पायऱ्या आहेत: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेला काय मिळालं. पुढे जॅक फिलिप्स यांनी खर्चाच्या तुलनेत परतावा किती, ही पाचवी पायरी जोडली. चौकट साधी आहे, पण अडचण अशी की पहिली पायरी मोजणं सगळ्यांत सोपं, म्हणून बहुतेक संस्था तिथेच थांबतात. माझ्या मते तुमच्याकडे वेळ आणि माणसं कमी असतील तर सगळी ताकद तिसऱ्या पायरीवर लावा. वागणं बदललं नसेल, तर चौथ्या पायरीवर जे काही सुधारलेलं दिसेल त्याचं श्रेय प्रशिक्षणाला देता येत नाही. आणि वागणं बदललं असेल, तर निदान योग्य दिशेनं पाऊल पडलंय हे कळतं.

ही तपासणी कधी करायची? हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच केलेले स्मृतीचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ केल्यावर एका दिवसात त्यातलं जेमतेम एक तृतीयांश उरतं, असं त्याला आढळलं. कामाचं कौशल्य म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, अर्थ असलेली आणि हातानं केलेली गोष्ट जास्त टिकते. पण प्रशिक्षणाच्या दिवशीच घेतलेली परीक्षा फसवी असते, एवढं यावरून नक्की समजावं. एक तपासणी महिन्यानं करा आणि एक तीन महिन्यांनी. मधल्या काळात जे वापरलं गेलं तेच उरलेलं असेल.

शिकलेलं कामात उतरलं का हे तपासण्याचा आणखी एक जुना धागा बैलकुप्प्यातच सापडतो. त्या वेळच्या मैसूर राज्यानं इथे सुमारे 3,000 एकर जमीन दिली आणि 1961 मध्ये लुगसुंग सामदुपलिंग ही तिबेटी वसाहत उभी राहिली. सातू पिकवणारी, याक आणि मेंढ्या राखणारी माणसं दक्षिणेतलं जंगल साफ करून मका घ्यायला शिकली. पुढे 1968 मध्ये तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी ‘मायराडा’ ही संस्था स्थापन झाली. 1980 च्या दशकात तिचं लक्ष स्थानिक गरीब कुटुंबांकडे वळलं. मोठ्या सहकारी सोसायट्या मोडल्यावर लोक लहान गटांत एकत्र येत होते. मायराडानं त्या गटांना सभा कशी घ्यायची, हिशोब कसा ठेवायचा, कर्ज कोणाला द्यायचं ते कसं ठरवायचं, याचं शिक्षण दिलं. 1987 मध्ये नाबार्डनं या कामासाठी तिला 10 लाख रुपये दिले. 1992 मध्ये नाबार्डनं 500 गट बँकांना जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला, आणि महाराष्ट्राच्या गावोगावच्या बचत गटांची बँकजोडणी त्याच वाटेनं आली.

बचत गटांचं प्रशिक्षण कसं तपासतात ते ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या कुठल्याही सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईला विचारा. ती पंचसूत्री सांगेल: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित नोंदी. गटाला शिकवलेलं उतरलं की नाही याचं उत्तर बैठकीच्या वहीत असतं. अध्यक्षताई पुण्याच्या कार्यशाळेला जाऊन आल्या, प्रमाणपत्र घेऊन आल्या, हे चांगलंच. पण पुढच्या चार बैठकांना किती जणी आल्या, थकलेल्या हप्त्यावर चर्चा झाली का, वही सचिवाशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येते का, हे वही उघडल्यावर पाच मिनिटांत दिसतं. यात मला फार मोलाचं वाटतं ते असं, की मोजमापासाठी वेगळा फॉर्म भरावा लागत नाही. काम करताना जी नोंद होतेच, तीच पुरावा ठरते.

तुमच्या कामातही अशी वही असतेच, ती शोधा. वॉर्डात नर्सिंगच्या नोंदी असतात, गॅरेजमध्ये परत आलेल्या गाड्यांची यादी असते, दुकानात माल परत घेतल्याच्या पावत्या, कार्यालयात त्रुटी काढून परत आलेले प्रस्ताव. प्रशिक्षण ठरवतानाच यातली एक नोंद निवडा आणि मागच्या किमान तीन महिन्यांचे आकडे काढून ठेवा. बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

आता पैशांचा हिशोब. त्यासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली एक फौंड्री कल्पनेनं डोळ्यांसमोर आणू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे असतील. एका शिफ्टच्या 20 मोल्डरना साचा भरण्याचं आणि वाळू तपासण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. प्रशिक्षकाचं मानधन 40,000 रुपये. पण खर्च तेवढाच नाही. 20 जणांची दोन दिवसांची मजुरी, रोज 800 रुपयांनी, 32,000. साहित्य आणि जेवण 8,000. त्या दोन दिवसांत जे ओतकाम झालं नाही त्याचा बुडालेला नफा 40,000. एकूण 1,20,000. लोकांचा वेळ ‘फुकट’ धरला तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

प्रशिक्षणाआधी त्या शिफ्टचं रिजेक्शन 5 टक्के होतं, तीन महिन्यांनी ते 4 टक्क्यांवर आलं. महिन्याला 200 टन कास्टिंग निघत असेल तर वाचले 2 टन. नाकारलेला माल पुन्हा वितळवता येतो, म्हणून धातूची पूर्ण किंमत धरायची नाही. वीज, मजुरी आणि वाळूचं नुकसान मिळून टनाला 25,000 धरले, तर महिन्याला 50,000 वाचतात, वर्षाला सहा लाख. प्रशिक्षण देणारी कंपनी हा आकडा मोठ्या अक्षरात छापून देईल.

जरा थांबा आणि प्रशिक्षण न मिळालेल्या दुसऱ्या शिफ्टकडे पाहा. तिचंही रिजेक्शन त्याच काळात 5 वरून 4.7 वर आलंय, कारण मध्येच वाळूचा पुरवठादार बदलला. म्हणजे 0.3 टक्के सुधारणा प्रशिक्षणाविनाच झाली असती. प्रशिक्षणाच्या वाट्याला उरतात 0.7 टक्के, म्हणजे महिन्याला 1.4 टन, म्हणजे 35,000 रुपये. खर्च साडेतीन महिन्यांत भरून निघतो. परिणाम वर्षभर टिकला तर 4,20,000 वाचतील, खर्च वजा जाता तीन लाख. सहा महिन्यांतच जुनी सवय परतली तर 2,10,000, खर्च वजा जाता 90,000. मालकापुढे हे दोन्ही आकडे ठेवा. सहा लाखांच्या एका आकड्यापेक्षा 90,000 ते तीन लाख हा पल्ला जास्त खरा आहे, आणि तोही प्रशिक्षण करण्यासारखं होतं हेच सांगतो.

दुसरी शिफ्ट इथे फार कामाला आली. म्हणून सगळ्यांना एकाच आठवड्यात प्रशिक्षण देण्यापेक्षा अर्ध्यांना आता आणि अर्ध्यांना तीन महिन्यांनी द्या. कुणावर अन्याय होत नाही, काम बंद पडत नाही आणि तुलनेसाठी माणसं आपोआप मिळतात. पहिल्या तुकडीत कोण जाणार हे शक्यतो चिठ्ठ्या टाकून ठरवा. उत्साही लोकच पहिल्यांदा पाठवले, तर फरक त्यांच्या उत्साहाचा की शिकवण्याचा, ते कळणार नाही. आणि महिन्याचा सगळ्यांत वाईट आकडा पाहून घाबरून प्रशिक्षण ठरवलं असेल, तर पुढचा महिना एरवीही बरा जाण्याची शक्यता असते, हे लक्षात ठेवा. दिवाळीच्या आधीचा महिना आणि मार्चअखेर यांची तुलना शेजारच्या महिन्यांशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

मोजमापात एक जागा अशी आहे जिथे चांगलं प्रशिक्षण अपयशी दिसतं. सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्यावर ‘थोडक्यात वाचलो’ अशा घटनांच्या नोंदी वाढतात. रुग्णालयात औषधाच्या चुकांच्या नोंदी वाढतात. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्यावर नीट प्रशिक्षण झालं, तर अंतर्गत समितीकडे येणाऱ्या तक्रारी वाढू शकतात. आधी जे लपत होतं ते आता दिसू लागलेलं असतं. अशा ठिकाणी ‘तक्रारी कमी होणं’ हे उद्दिष्ट ठेवलंत, तर लोक तक्रार करणं बंद करतील आणि तुमचा आकडा सुधारेल. तिथे वेगळं मोजा: तक्रार किती दिवसांत हाताळली, नोंद करणाऱ्याला त्रास झाला का, त्याच जागी तीच चूक पुन्हा झाली का.

आकड्यांबरोबर माणसांशी बोलणंही हवं. रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची एक पद्धत छोट्या संस्थांना फार सोयीची आहे. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी ज्यांनी त्याचा सगळ्यांत चांगला उपयोग केला असे तीन-चार जण आणि ज्यांनी काहीच वापरलं नाही असे तीन-चार जण शोधायचे आणि दोघांशी निवांत बोलायचं. पहिल्या गटाला विचारा: यातलं शेवटचं कधी वापरलंत? कुठे? दाखवाल का? दुसऱ्या गटाला विचारा: करायला गेलात तेव्हा काय आडवं आलं? दुसऱ्या गटाच्या उत्तरांत बहुधा जास्त माल असतो. “वाळू तपासायचं यंत्र कपाटात कुलूपबंद आहे, किल्ली स्टोअरकीपरकडे.” “नव्या पद्धतीनं केलं की वेळ लागतो, सुपरवायझर ओरडतात.” “शिकवलं त्या सॉफ्टवेअरचं लायसन्सच आलं नाही.”

यातल्या कुठल्याच अडचणीवर आणखी प्रशिक्षण हा उपाय नाही. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्ये कामातल्या त्रुटींवर पुस्तक लिहिलं, त्यातली कसोटी आजही पहिल्यांदा लावण्याजोगी आहे: जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमत असेल तर त्याला शिकवण्याची गरज नाही, त्याच्या वाटेतला अडथळा काढण्याची गरज आहे. कामगारांना पुन्हा पुन्हा वर्गात बसवणाऱ्या संस्था बऱ्याचदा व्यवस्थापनाची चूक कामगाराच्या माथी मारत असतात. प्रशिक्षणाचं मोल मोजायला निघालेल्यानं हे उघड सांगण्याची तयारी ठेवावी.

प्रशिक्षक निघून गेल्यावर काय उरतं, हीही तपासण्याची गोष्ट आहे. दलाई लामांच्या आग्रहावरून अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठानं भिक्षू-भिक्षुणींसाठी विज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला आणि 2014 पासून तो सेरासह दक्षिणेतल्या गेलुग पंथाच्या मोठ्या मठांत शिकवला जाऊ लागला. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि मेंदूविज्ञान शिकवायला परदेशी प्राध्यापक उन्हाळ्यात येत. त्यासोबतच काही भिक्षूंना एमरीत पाठवून विज्ञान शिकवणारे शिक्षक तयार करण्यात आले. हा विषय मठांच्या नियमित अभ्यासक्रमात आला, हे मला वर्गांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडे बाहेरचा प्रशिक्षक येत असेल, तर पहिल्या तुकडीतल्या निदान दोघांनी तिसऱ्या तुकडीला शिकवायला उभं राहावं, अशी अट करारातच घाला. ते उभे राहू शकले नाहीत, तर त्यांना किती समजलं होतं हे तुम्हाला कळेल. उभे राहिले, तर मानधनाचा पुढचा खर्च वाचेल.

आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपला किंवा दुकानाला परताव्याची टक्केवारी काढत बसायची गरज नाही. एवढ्या कमी लोकांत एक जण आजारी पडला तरी आकडा हलतो. तिथे एक काम निवडा, प्रशिक्षणाआधी ते कसं होतं याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा घ्या आणि दोन्ही व्हिडिओ सगळ्यांनी एकत्र बसून पाहा. काय बदललं ते कामगारच नेमकं सांगतील.

मोठ्या संस्थेत तीन महिन्यांनंतरची बैठक प्रशिक्षणाची तारीख ठरवतानाच डायरीत लिहून टाका. तिला प्रशिक्षण विभागाबरोबर त्या कामाचा सुपरवायझर आणि प्रशिक्षण घेतलेले दोघे-तिघे हवेतच. टेबलावर आधीचा आकडा, नंतरचा आकडा, तुलनेच्या गटाचा आकडा आणि अडथळ्यांची यादी ठेवा. निर्णय तीनच असू शकतात: असंच चालू ठेवायचं, बदल करायचा किंवा बंद करायचं. बंद करण्याचा निर्णय कधीच होत नसेल, तर बैठक केवळ उपचार झाली आहे असं समजा. निर्णय झाला की प्रशिक्षणाला बसलेल्या प्रत्येकाला तो कळवा: काय सापडलं, कोणता अडथळा कोण दूर करणार, कोणत्या तारखेपर्यंत. त्यांनी त्यांचे दोन दिवस दिलेले असतात.